दगडावरचा निवरती

बसस्थानकासमोरच्या हॉटेलाच्या पाटीवर 'शुध्द शाकाहारी' लिहिलं होतं, म्हणून मी चहा न घेताच कन्नडच्या एसटीत चढलो. ज्याला 'शुद्ध' धड लिहिता येत नाही त्याच्या चहाचा काय भरवसा? पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. आता मी घरी बसलो, पण डोळे काही घरी बसायला तयार नाहीत. लग्नपत्रिकेतल्या चुका लाल पेनानं दाखवून मी दोन घरची आमंत्रणं कायमची गमावली आहेत. बायको म्हणते, "तुम्ही जेवायला जाता की तपासायला?"

निघालो होतो सुभेदार साळव्यांच्या गावी. हे पूर्वी आमच्या गल्लीत भाड्यानं राहायचे. पुढे कन्नडपलीकडच्या आपल्या गावी परतले आणि गावच्या चार शहीद जवानांचं स्मारक उभारायचं त्यांनी मनावर घेतलं. ते आता पुरं झालं होतं. "उद्या उद्घाटन आहे. आदल्या दिवशीच या मुक्कामाला," असा फोन आला होता.

दौलताबादच्या फाट्यावर सीताफळांच्या पाट्या थेट खिडकीपर्यंत आल्या. मी पिशवीभर घेतली. शेजारच्या आजोबांनी न विचारता त्यातलं एक उचललं, फोडलं आणि अर्धं मला दिलं. "डोळे उघडलेलं घ्यावं," असा सल्लाही दिला. वेरूळला निम्मी बस रिकामी झाली. कन्नडहून पुढे जीप होती आणि त्यात माझी पिशवी सीटवर ठेवायची चूक मी केली. एक बाई तिच्यावर ऐसपैस बसल्या आणि मैलभर गेल्यावर म्हणाल्या, "लई मऊ हाय वो तुमची शीट."

स्मारक बाजाराच्या मैदानाच्या कडेला आहे. हातभर उंच चौथरा, त्यावर पुरुषभर उंचीची काळी शिळा, तीवर चार नावं. सुभेदार छाती पुढे काढून शेजारी उभे. मी चष्मा पुसला आणि वाचायला लागलो. वरतीच 'शहिद जवान'. हि ऱ्हस्व. तिथून खाली उतरलो तर तिसरं नाव 'निवरती जाधव'.

"सुभेदार, हे निवरती काय? निवृत्ती पाहिजे."

सुभेदारांचा चेहरा उतरला. "आयला, खरंच की. मी आठ दिवस आमंत्रणं देत फिरत होतो, नीट बघितलंच नाही. फौजेच्या कागदावर निवृत्तीच आहे. उद्या पाहुणे काय म्हणतील?"

लगेच अक्षरं कोरणाऱ्या रशीदभाईंना बोलावणं गेलं. ते छिन्नी-हातोडी घेऊन आले, दगडाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "शहीद की गलती मेरी. अब्बी बनाता. मगर निवरती को मैं हात नै लगाता. पहले अपन खडू से सही च लिखे थे. निवरती की बहन, गया आपा ने मिटाने लगाया."

"नाव म्हणजे नाव," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच. "कागदावर आहे तेच दगडावर पाहिजे." सुभेदारांनी मान डोलावली. रशीदभाईंनी नाइलाजानं छिन्नी टेकवली.

तेवढ्यात फडक्यात भाकरी बांधून एक म्हातारी आली. गयाबाई, निवरतीची बहीण. रशीदभाईंचं दुपारचं जेवण गेले आठ दिवस तीच आणत होती. छिन्नी कुठं टेकलीय हे पाहताच ती दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"कोन म्हनतंय चुकलं म्हून?"

"मी," मी म्हणालो.

"मंग सांगा, निवृत्ती म्हंजी काय?"

छापखान्यातून निघालो त्या दिवशी माझ्या गळ्यात हार घालून ज्या फलकासमोर फोटो काढला, त्यावर तोच शब्द होता.

"साळंतल्या मास्तराचा निवृत्तीचा कार्यक्रम झाला, मला बी बलावलं व्हतं," ती म्हणाली. "रशीदभाईनं दगड वाचून दावला तवा मी म्हनलं, माझा भाऊ बावीस वर्साचा लढाईत गेला, त्यो कवा घरी बसला? कागद फौजेचा आसंल. मी पान्याला जाताना 'निवरती' म्हून हाक मारायची आन् त्यो व्हय म्हनायचा. ह्या दुसऱ्या नावानं हाक मारली तर त्येला कळायचं बी नाय."

रशीदभाईंनी हातोडी खाली ठेवली. मला माझीच लाज वाटली, हे सरळच लिहितो.

ती बाजूला झाली. "मला वाचता येत नाय. आता हाय ते तुमी वाचा."

मी वाचलं, "निवरती जाधव."

"व्हय," ती हळूच म्हणाली.

'शहिद'ची ऱ्हस्व वेलांटी बुजवून रशीदभाईंनी दुपारभर खपून दीर्घ कोरली. मी शेजारी बसून भुकटी फुंकत होतो. मग गयाबाईच्या घरी भाकरी, ठेचा आणि जीपमध्ये चेपलेली सीताफळं, तीही वाटीत घालून चमच्यानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी कागदावरून 'निवृत्ती' असं वाचलं, तेव्हा मागून चार-पाच जणांनी "निवरती" म्हणून दुरुस्त केलं. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

परत आल्यावर बसस्थानकासमोर 'शुध्द शाकाहारी'त चहा घेतला. चांगला होता, आलं घातलेला. पाटीबद्दल मालकाला काहीही बोललो नाही. बायकोला हे खरं वाटत नाही.

हा मजकूर छापायला देताना वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं सूचना लिहिली आहे. मुद्रितं तपासणाऱ्या भावा, 'शहीद' दीर्घ आहे ना ते बघ. 'निवरती' मात्र आहे तसाच जाऊ दे. दुसऱ्या नावानं हाक मारली तर त्याला कळत नाही.