अवजड वाहनाचा शिक्का

परवाना कार्यालयातल्या कारकूनबाई नाकासमोर चालणाऱ्या. वाहनांचे प्रकार नव्याने ठरले, तेव्हा जुन्या परवान्यांवर नवे शिक्के मारायचं काम त्यांच्याकडे आलं. पूर्वी एकाच परवान्यावर स्कूटरपासून बसपर्यंत सगळं चालायचं. ज्यांच्याकडे तो होता, त्यांचा हक्क परीक्षेशिवायच कायम राहणार होता.

एक दिवस ओळखीचा शिंपी आला.

"बस चालवलीय कधी?" बाईंनी सहज विचारलं.

"छे हो! स्कूटरपुढे मजल गेली नाही," तो हसला. "पण आपसूक मिळतंय तर नको कशाला म्हणू?"

नियमात बसत होतं. बाईंनी शिक्का मारला.

दोन वर्षांनी शिंप्याचा धंदा बुडाला आणि तो बसवर चालक म्हणून लागला. पहिल्याच आठवड्यात उतारावर बस उलटली. तो आणि तीन प्रवासी जागीच गेले.

"बाई, तुमचं काहीच चुकलं नाही," चौकशीनंतर साहेब म्हणाले.

तेव्हापासून बाई कार्यालयात पायी जातात. शेजारून बस गेली की मान खाली घालतात. वर पाहिलं तर चालकाच्या जागी शिंपीच हसताना दिसेल, असा धसका त्यांनी घेतलाय.