मी तपासून दिलेलं पत्रक

हिंजवडीच्या ज्या कंपनीत मी पहिली नोकरी केली, तिथे आमच्या सपोर्ट टीममध्ये अमरावतीची एक मुलगी होती. स्वारगेटहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दोन वर्षं आम्ही शेजारी बसलो. मी पेठेतली, त्यामुळे बोलण्यात कुणाला सोडायचं नाही हे घरूनच शिकलेली. ती माझ्या प्रत्येक टोमण्यावर मनापासून हसायची. मैत्री करायला मला तेवढं पुरत होतं.

जुलैतल्या एका सकाळी तिने बसमध्ये माझ्या हातात एक कागद ठेवला. "माझं मराठी अमरावतीचं. तू शुद्धलेखन बघून देशील?"

ते पत्रक होतं. काही माणसांना जोडीदाराकडून बांधून घेण्यात, त्याचे हुकूम पाळण्यात सुख वाटतं. याला किंक म्हणतात. मराठी शब्द सापडला नाही म्हणून तिने तोच ठेवला होता. अशा लोकांनी युरोपात स्वतःचा एक दिवस पाळायला सुरुवात केली होती. चोवीस तास, सातही दिवस आम्ही असेच आहोत, म्हणून सातव्या महिन्याची चोवीस तारीख. दिवस कशासाठी, तेही लिहिलं होतं. दोघांनी आधी बोलून ठरवलेली गोष्ट वेगळी आणि मारहाण वेगळी, हे लोकांना कळावं. आधी ठरलेला शब्द एकाने उच्चारला की दुसऱ्याने त्या क्षणी थांबायचं, हा पहिला नियम. आणि यापायी कुणाची नोकरी जाऊ नये, कुणाला घराबाहेर काढू नये.

"हे तुझं आहे?" मी विचारलं.

"माझं आणि त्याचं." तिचा मित्र मला ऐकून माहीत होता. "रविवारी कोथरूडला एकीच्या घरी दहा-बारा जण भेटणार आहोत. चहा, पोहे, गप्पा. काहून अशी बघतेस?"

"काही नाही. आपण सपोर्टवाले तसेही चोवीस तास गुलामच."

ती हसली आणि तिने माझा हात घट्ट धरला. कुणाला तरी सांगून टाकल्यावर माणूस हलकं होतं, तशी ती दिवसभर हलकी होती.

मी लाल पेनाने पत्रक तपासलं. 'आणी'ची वेलांटी ऱ्हस्व केली, न आणि ण जागच्या जागी बसवले. परत देण्याआधी एक झेरॉक्स काढून घेतली. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. शुक्रवारी टीमचं एकत्र जेवण होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नव्हतं.

कँटीनमध्ये मी ते बातम्या वाचाव्यात तसं वाचलं. ती समोरच बसली होती. पहिल्यांदा ती हळूच म्हणाली, "थांब ना." मी पुढे वाचलं. थांबायच्या शब्दाचं वाक्य आलं तेव्हा ती उभी राहून मोठ्याने म्हणाली, "थांब!" त्यावर सगळं टेबल खो-खो हसलं. कुणीतरी म्हणालं, "हाच ठरलेला शब्द आहे का? नसेल तर चालू दे, मजा येतेय तिला." मी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन माझं आहे बरं का." तिचं ताट तसंच राहिलं.

सोमवारी तिची खुर्ची टेबलाला नेटवर्क केबलने बांधलेली होती. आमचा टीम लीड मुलींच्या पाठीवर न विचारता हात ठेवायचा, त्याची कुणी कधी तक्रार केली नव्हती. त्याने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "अप्रेझल जरा कडक केलं तर चालेल ना?" सगळे हसले. मीही हसले. ती केबल सोडवत राहिली. गाठ पक्की होती, तिला बराच वेळ लागला.

त्याच आठवड्यात कुणीतरी तिच्या घरमालकिणीला फोन केला. तो मी केला नव्हता. पण नंबर माझ्याकडून गेला होता. घरमालकिणीने तिला संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला लावली. पुढे मंदीत माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा आमच्या टीममधून पहिली ती गेली. काम तिचंच सगळ्यांत चांगलं होतं. मॅनेजर म्हणाले, "टीमचं वातावरण बघावं लागतं." तिचं काम मला मिळालं आणि बढतीही.

सात-आठ वर्षांनी बुधवार पेठेत लॅपटॉपचा चार्जर घ्यायला गेले, तर ती काउंटरशी उभी होती. जरा जाड झाली होती, चष्मा लागला होता. तिने मला लगेच ओळखलं.

"मला तुझी माफी..." मी सुरुवात केली.

"माझी ऐकायची तयारी नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग ती दुकानदाराला वॉरंटीचं विचारू लागली.

"दोनच मिनिटं," मी तिच्या कोपराला हात लावला. "मी तेव्हा लहान होते गं, मला कळत नव्हतं..."

तिने कोपर सोडवून घेतलं, निवडलेली वस्तू काउंटरवरच ठेवली आणि ती गर्दीत निघून गेली. मी दारापर्यंत गेले, हाकही मारली. तिने मागे पाहिलं नाही.

"गिऱ्हाईक घालवलंत," दुकानदार म्हणाला. "आपल्याला काय हवंय? घ्यायचं नसेल तर जरा बाजूला व्हा."

मी चार्जर घेतला.