सांधेवाल्याच्या छातीवरचं मांजर

आमच्या सांधेवाल्याइतका हटवादी माणूस सुरतेकडे जाणाऱ्या त्या रुळांनी दुसरा पाहिला नसेल. लढाईच्या दिवसांत खांडबाऱ्याजवळच्या एका लहान स्टेशनावर मी मास्तर होतो, आणि तो रूळ बदलून गाडीला वाट देणारा. बायको वारल्यापासून तो एकटा राहायचा, आणि दिवसाच्या दोन पॅसेंजर गाड्या हाच त्याचा गोतावळा. इंजिन आत शिरलं की "ऊनी का माय?" आलीस का, असं तो गाडीला मायेने विचारायचा. मालगाडीशी मात्र बोलायचा नाही. तिच्यातून कोणी डोकं बाहेर काढत नाही, ही त्याची तक्रार.

एकदा गाडी खोळंबली असताना त्याने खिडकीतल्या एका लहान मुलीला आपल्या माठातलं पाणी पाजलं. तिने फ्रॉकवरचा बिल्ला काढून त्याच्या निळ्या सदऱ्याला टोचला. रुपयाएवढा पत्रा, मागे टाचणी, पुढे कार्टूनच्या सिनेमातलं कानापर्यंत हसणारं मांजर. गाडी सुटली तसा तो बिल्ला परत द्यायला धावला, पण फलाट संपला.

आमच्या एकेरी मार्गावर, वाट मोकळी असल्याची खूण म्हणून, ड्रायव्हरला लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, आणि तो गोळा पुढच्या स्टेशनात परत द्यावाच लागे. गोळे देण्याघेण्यात जन्म गेलेल्या माणसाला बिल्ल्याचाही तोच नियम वाटला. मी म्हणालो, "बाबा, पोरीने भेट दिली तुम्हाला."

"मास्तर, पोरसनं देनं काय देनं ऱ्हास? घर जाईसन रडनी व्हई."

तिला ओळखू यावं म्हणून तो प्रत्येक पॅसेंजरला बिल्ला लावून, छाती काढून, फलाटभर चालायचा. राखेने घासून घासून मांजराच्या मिश्या गेल्या. बाजाराला निघालेल्या बाया विचारायच्या, "मांजरले दूध पाजं का?" तो म्हणायचा, "हसी ऱ्हायनं ना, पोट भरेल शे तेन्हं." सख्ख्या पुतण्याच्या लग्नालाही गेला नाही. "पॅसेंजर कोण दखी?"

दोन वर्षांनी तो तापाने पडला. बिल्ला माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आजना दिन तुम्ही लावा." मी हो म्हटलं आणि बिल्ला खिशात घातला, कारण त्या गाडीने तपासणीचे साहेब येणार होते. साहेब उतरून माझ्याशी बोलत होते, तेवढ्यात खिडकीतून एका मुलीने विचारलं, "इथे मांजराचा बिल्ला लावणारे काका आहेत का?" साहेबांसमोर खिशातून मांजर काढायची मला लाज वाटली. "बदलून गेले," मी म्हणालो. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी बिल्ला परत घेत त्याने विचारलं, "कोणी इचारं का?"

"नाही."

"बरं. सकायनी गाडी शे ना."

पुढे माझी बदली झाली. निघण्याच्या दिवशी सगळं सांगायचं ठरवून मी सुरुवात केली, "बाबा, ती येऊन गेली असेल तर?"

तो हसला. "कशी जाई? मी रोज आठेच, या फलाटवर, ऊभा ऱ्हास. तापना दिन तुम्ही व्हतात."

मी मान हलवली आणि डब्यात चढलो. गाडी हलली तेव्हा तो माझ्याकडे पाहत नव्हता. छाती पुढे काढून, मागच्या डब्यांच्या खिडक्या एकेक बघत तो फलाटाच्या टोकाकडे चालला होता.