पिवळ्या धुळीत उमटलेला शब्द

बुद्धप्रिया लातूरच्या एका डाळ मिलमध्ये पॅकिंगला होती. मिलमध्ये सचोटीचं प्रशिक्षण झालं, तेव्हा पंख्याखाली तिला सारखी डुलकी लागत होती. शेवटी प्रशिक्षण देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "कामात चुकीचं दिसलं तर काय कराल?" सगळे एका सुरात म्हणाले, "थांबवू!" तीही म्हणाली, सुपरवायझर सुदर्शनही म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात बुरशी लागलेली तूरडाळ चांगल्या डाळीत मिसळायला आली. झरोक्यातल्या उन्हात पिवळी धूळ तरंगत होती. सगळं स्वप्नातल्यासारखं लांब वाटत असताना बुद्धप्रियाला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"सर, ही डाळ वास मारायलीय. मी न्हाई भरणार."

"मालकानं सांगितलंय, ताई."

"पण आपण सगळे मिळून बोललो होतो ना, थांबवू म्हणून?"

सुदर्शन पुढे झाले. त्यांनी डाळ मिसळायची मशीन बंद केली.

"व्हय, बोललो होतो. मालकाशी मी बोलतो."

ती डाळ बाजारात गेली नाही. मालक बरेच दिवस दोघांशी धड बोलले नाहीत. बुद्धप्रिया मात्र संध्याकाळी घरी जाताना तरंगत चालल्यासारखी चालायची.