दहाव्याची चिठ्ठी

“गुरुजी, चिठ्ठी हाय ना?” असं म्हणत दादा मागे न बघताच हात पसरायचे. मी चिठ्ठी हातात ठेवली की चपला काढायचे, टोपी सारखी करायचे आणि माइकसमोर उभे राहायचे.

असा पुढारी तुम्हीही पाहिला असेल. लग्न चुकवेल, पण दहावा चुकवणार नाही. आमच्या धायरीकडच्या भागात दहाव्याला पुढारी श्रद्धांजलीचे चार शब्द बोलला नाही, तर घरचे वर्षभर तोंड फिरवतात. दादांचे आजोबा सरपंच, वडील जिल्हा परिषदेत, आणि गाव महापालिकेत गेल्यावर दादा नगरसेवक. “तीन पिढ्यांचं नाव हाय गुरुजी, माझ्या हातनं जायला नको,” हे त्यांचं पालुपद.

आजोबांना चिठ्ठी लागत नव्हती. कुठली म्हैस कुणाची हेही त्यांना ठाऊक. दादांच्या वेळी शेतं विकली गेली, आयटीवाल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, वॉर्ड पसरला. सोसायटीवाले दार किलकिलं करून म्हणत, “सर, कॉल चालू आहे.” झालं लोकसंपर्क अभियान! उरली ती वाड्यावस्त्यांवरची मतं, आणि तिथली निम्मी माणसं दादांना ओळखीची नव्हती. म्हणून मी, शाळामास्तर, गेलेल्याचं नाव वर आणि मागे राहिलेल्यांची खाली, असं लिहून द्यायचो.

निवडणूक तोंडावर असताना एका सकाळी दोन दहावे आले. पलीकडच्या वाडीत एक म्हातारबा गेले होते. घाईघाईत मी थोरल्या मुलाचं नाव वर लिहिलं. मुलगा चाळिशीचा, आयटी कंपनीत भाड्यानं गाड्या लावलेला. डोकं भादरून पहिल्याच रांगेत बसला होता. दादांनी खणखणीत आवाजात त्यालाच श्रद्धांजली वाहिली. बायकांत कालवा झाला. त्याची आई छाती पिटत उठली.

परतताना मी म्हणालो, “दादा, चूक माझी. मी जाऊन सांगतो.”

“गप बसा हो. तुम्हाला तिथली पोरं शिकवायचीत. वाचलं कुणी? म्या.”

आणि मी गप बसलो.

महिना झाला नाही तोच तो मुलगा हायवेवर अपघातात गेला. देवा! म्हातारी दादांच्या दारात येऊन ओरडली, “जित्यापणी मारलास माझ्या लेकाला!” दादा हात जोडून उभे. मी त्यांच्या मागे.

वाडीनं एक मत दिलं नाही. दादा पडले. पण निवडणूक गेली त्याचं एवढं नाही. त्यानंतर त्यांना दहाव्याला कुणी बोलवेना. न बोलावता गेले, तर बायका आपल्या माणसांना बाजूला ओढत. सकाळी कपडे करून ते ओट्यावर नुसतेच बसत. एकदा म्हणाले, “गुरुजी, खरं सांगा. माझ्या तोंडानं गेला का हो तो?”

“काहीतरीच काय, दादा!” एवढंच मी म्हणालो. लाज वाटते मला. चूक माझी होती, हे त्यांना नाही, वाडीला जाऊन सांगायला हवं होतं.

दादा खंगून गेले. तोवर मी निवृत्त झालो होतो. माझं कोण काय वाकडं करणार होतं? त्यांच्या दहाव्याला वीसेक माणसं होती. म्हातारी आली आणि अगदी पुढे बसली. मी ठरवूनच उभा राहिलो होतो. ‘मावशी, ते नाव मी चुकवलं होतं.’ एवढंच बोलायचं होतं.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी दादांनी केलेल्या रस्त्यांबद्दल बोललो, नळाच्या पाण्याबद्दल बोललो, आणि खाली बसलो.