गुंगीत सांगितलेलं

नात्यातलं कोणी नसेल तर प्रोसिजर कॅन्सल, असं आमच्या मॅनेजरांनी सांगितलं तेव्हा मुखेडकरबाई मागून उघडा असलेला हॉस्पिटलचा गाऊन घालून, वर स्वतःची शाल पांघरून बसल्या होत्या. हाताला सुई लावून झाली होती. शेजारी खाकी शर्टातला यादगिरी उभा होता. तो त्यांचा ऑटोवाला. बाई नारायणगुड्याच्या शाळेत शिकवायच्या तेव्हापासून चिक्कडपल्लीच्या घरून त्यांची ने-आण करणारा. पेशंटसोबत माणूस लागतो, म्हणून बाईंनी त्यालाच आणलं होतं.

मी एंडोस्कोपी विभागात को-ऑर्डिनेटर आहे. पेशंटला तयारी समजावणं, सह्या घेणं, नंबर लावणं हे माझं काम. रविवारी मी बायकांच्या आरोग्याची पत्रकं वाटत फिरते. हिमायतनगरला एका हळदीकुंकवात मला बोलायला बोलावलं होतं. मी माइकवर ‘संडास’ म्हटलं तशा पुढच्या रांगेतल्या दोघी उठून गेल्या. जाऊ देत. मी राहिलेल्यांना विचारलं, संडासातून जाणारं रक्त मूळव्याधीचंच असतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? शेजारणीने? ती डॉक्टर आहे?

बाई मागच्या रांगेत होत्या. थोड्याच दिवसांनी त्या माझ्यापुढे येऊन बसल्या. बरेच महिने रक्त जात होतं. साठी ओलांडलेली, लग्न न केलेली, भावाच्या घरी राहणारी निवृत्त शिक्षिका ही गोष्ट कोणाला सांगणार? भावाला तर नाहीच, कारण भाचीची सोयरीक जुळत आली होती.

“मुलाकडचे विचारतात, घराण्यात काही मोठं दुखणं आहे का,” बाई म्हणाल्या. “दादाला खोटं बोलायला लावायचं नाही मला. त्याला ठाऊकच नसलं म्हणजे झालं.”

मी चिडून लांबलचक ऐकवलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “छान बोलतेस. आता तारीख दे.”

कोलोनोस्कोपी म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली लवचिक नळी मागच्या वाटेने आत घालून मोठं आतडं बघणं. लोक नळीला घाबरतात. खरा त्रास असतो तयारीचा. आतडं स्वच्छ नसेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी नारळपाणी, बिनदुधाचा चहा, वरणावरचं निवळ पाणी, एवढंच. मग पावडर पाण्यात कालवून प्यायची. निम्मी आदल्या संध्याकाळी, निम्मी सकाळी. चव खारट-गोड, ओकारी आणणारी. नंतर तुम्ही आणि संडास. बाहेर पडणारं पाणी पिवळसर निवळ झालं की तयारी झाली. बाईंच्या घरी माणसं पाच आणि संडास एक. बाहेरचं खाणं बाधलं, असं त्यांनी घरात सांगितलं. वहिनींनी मायेने दहीभात कालवून आणला. तो त्यांनी पोटावर हात ठेवून परत पाठवला.

आणि एवढं करून आलेल्या बाईला आता परत पाठवायचं? मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. नियम चुकीचा नव्हता. औषधाने गुंगी येते, त्या दिवशी एकट्याने जाता येत नाही. पण नातेवाईकच कशाला?

“सर, एकट्या बाईने तपासणीला यायच्या आधी लग्न करून यायचं का?”

“तू स्टाफ है के युनियन?”

“दोन्ही.”

त्यांनी कपाळावर हात मारला. “उसकीच साइन ले लो. मेरा दिमाग नक्को खा.”

यादगिरीने तेलुगूत सही केली. मला म्हणाला, “अम्मा को घर कू छोडना, इत्ताच ना?”

मी म्हटलं, हौ, इतकंच.

ते भांडण मला आजही चुकीचं वाटत नाही. सोबतीला यादगिरीसारखा माणूस शंभरात एखाद्याला मिळतो. पण तो तिथे कशासाठी उभा आहे, हे त्याला कोणी सांगितलं नाही. आम्हाला त्याचा ऑटो पुरत होता.

तपासणी नेहमीसारखी झाली. डाव्या कुशीवर झोपवलं, सुईतून औषध दिलं. बाईंना दुखलं नाही. आतड्याच्या डाव्या बाजूला एक मोठी गाठ दिसली. लहान गाठी नळीतूनच काढून टाकतात. ही तशी निघण्यासारखी नव्हती. डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला घेतला. याला बायोप्सी म्हणतात.

नंतर रिकव्हरीत, पडदा सारून, पुढची केस टेबलावर असताना डॉक्टरांनी हे बाईंना सांगितलं. यादगिरी पलंगाशी उभा होता. गाठ आहे, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात, तो घेऊन भेटायचंच, टाळायचं नाही. मी पडद्याच्या अलीकडे दुसऱ्या पेशंटच्या चपला शोधत होते. मला बाईंचा आवाज आला. “हो डॉक्टर. पुढच्या आठवड्यात ना? येते.” वर्गात बोलाव्यात तशा बोलल्या. मी निर्धास्त झाले.

इथे एक गोष्ट समजून घ्या. हे औषध नुसती गुंगी आणत नाही, त्या वेळेची आठवणच तयार होऊ देत नाही. माणूस डोळे उघडे ठेवून बोलतो, प्रश्न विचारतो, आभार मानतो आणि त्यातलं काही त्याच्याजवळ उरत नाही. हे आमच्या विभागात झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तरी आम्ही निकाल तेव्हाच सांगतो, कारण पलंग रिकामा करायचा असतो.

बाईंना आठवले ते गुंगीच्या आधीचे, हसणारे डॉक्टर. बाकीचं त्यांच्या मनाने भरलं: सगळं ठीक आहे. फाइल भाचीच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी ती न उघडता साड्यांखाली सारली. रिपोर्ट आल्याचा मेसेज यादगिरीच्या फोनवर गेला, कारण बाईंचा फोन भाचीच्या हातात असायचा. मेसेज इंग्रजीत. त्याला तो जाहिरातीचा वाटला. रिपोर्टचा काउंटर तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर, आणि न आलेल्या पेशंटला शोधणं हे कुठल्याच मजल्याचं काम नव्हतं. बाई रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेल्या असतील, असं मी धरून चालले.

भाचीचं लग्न झालं. त्यानंतर एका दुपारी कॅज्युअल्टीतून फोन आला म्हणून मी खाली गेले. स्ट्रेचरवर बाई होत्या, पोट फुगलेलं. गाठीने आतडं बंद केलं होतं. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला यादगिरी.

“बाई, रिपोर्ट घ्यायला आला नाहीत तुम्ही?”

“कुठला रिपोर्ट?” त्या म्हणाल्या. “ठीक आहे म्हणाले होते ना डॉक्टर.”

यादगिरी पुढे झाला. “अम्मा, साब बोले ना, अगले हफ्ते आना बोलको. आप हौ बोले.”

“मी?”

“हौ अम्मा. आपीच बोले.”

मग तो माझ्याकडे वळला. परत आठवण का दिली नाही, हे मी विचारण्याआधीच म्हणाला, “अम्मा बोले थे, ये बात मुँह से नक्को निकाल. मैं नै निकाला, मॅडम.”

भाचीने आत्याचा हात धरला. “आत्या, लग्न थांबलं असतं थोडं,” ती म्हणाली. बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटाला पिशवी लागली. आजार यकृतात पोचला आहे. आधी आल्या असत्या तर बहुधा आतड्याचा तुकडा काढून भागलं असतं, असं सर्जन म्हणाले. आता केमो चालू आहे. नव्या जावयाच्या घरी सगळं कळलं. कोणी काही म्हटलं नाही. केमोच्या दिवशी जावईच रजा टाकून बाईंना घेऊन येतो.

निकाल पेशंट पूर्ण जागा झाल्यावरच सांगावा, असं मी मॅनेजरांना लिहून दिलं. विचार करू, म्हणाले. विचार चालू आहे.

तेव्हा तुम्हीच करा. कोलोनोस्कोपीला बिनधास्त जा, ती दुखत नाही. पण चहा पिऊन, चपला घालून, नीट उभं राहिल्याशिवाय निकाल ऐकू नका. आणि सोबत अशा कोणाला तरी न्या, ज्याच्यापासून तो निकाल तुम्ही लपवणार नाही.