अस्वलाच्या गुफेतला ढावलो

महागावकडच्या डोंगराखाली एक तांडा आहे. साठ-एकसष्टच्या सुमाराला तिथं सुखीबाई राहायची. बोलायला तिखट. तिची बकरी दुसऱ्याच्या वावरात शिरली, तर बकरीची बाजू घेऊन दुपार संपेस्तोवर भांडायची. पण लग्नाचा मांडव पडला की हीच बाई चुलीमागं जाऊन बसायची. कोणी हात धरून ओढलं तर म्हणायची, भाकर करपते.

का, ते साऱ्या तांड्याला माहीत होतं. गोर बंजारा लोकांत नवरी सासरी निघायच्या सुमारास आईच्या, मावशीच्या गळ्यात पडते आणि दोघी डुलत डुलत रडतात. ते रडणं गाण्यात असतं. त्याला ढावलो म्हणतात. माहेरात काय मिळालं, काय सुटलं, सगळं त्यात येतं. सुखी नवरी झाली तेव्हा चार लोकांसमोर तिचा गळाच मिटला. बाया वाट पाहून थकल्या आणि तिच्या वाटणीचा ढावलो त्यांनीच म्हणून टाकला. तेव्हापासून ती मुकी सुखी. भांडणात ते नाव घ्यायची कोणाची छाती नव्हती, मांडवात मात्र घ्यायचे.

आता तिच्या पोरीचं, जमनीचं लग्न तोंडावर आलं होतं. पोर ढावलो शिकते ती आईच्या गळ्यात पडून. नणंद म्हणाली, मी शिकवते. जमनी आईवरच गेलेली. तिनं आईलाच सांगितलं, शिकवशील तर तूच, याडी, नाही तर मी बी मुकीच जाईन. मुकी हे नाव सुखीबाईनं स्वतः पचवलं होतं. ते पोरीच्या पदरात बांधून द्यायचं जिवावर आलं.

बरं, शिकवावं तरी कुठं? घर एका खोलीचं, त्यात नवरा उत्तमसिंग खाटेवर. विहिरीवर बाया. वावरात गेलं तर धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर माणूस. एक ओळ काढली की कोणीतरी मान वळवणार, आणि गळा पुन्हा मिटणार.

अशात एका शनिवारी दिग्रसचं रविवार मंडळ तांड्यावर उतरलं. शाळेचे बळीराम मास्तर, कापसाच्या जिनातले दोघं कारकून, आणि लग्नाला गॅसबत्त्या भाड्यानं देणारा अय्यूब. शनिवारची शाळा सुटली की हे लोक मोटरीत बसायचे आणि कुठल्या तरी डोंगराच्या पोटात शिरायचे. यांच्या बायका म्हणायच्या, घरी कंदिलाची काच पुसत नाहीत, अन् अंधार पाहायला एवढ्या दूर जातात.

तांड्याच्या वर अस्वलाची गुफा होती. अस्वलं कधीचीच गेली होती, वास तेवढा ठेवून. मंडळानं रविवारच्या भाकरी सुखीबाईला सांगितल्या. तिनं विचारलं, आत आहे तरी काय?

अय्यूब म्हणाला, काहीच नाही, तीच तर मजा आहे. बत्ती विझवली की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, आणि आतला आवाज बाहेर कोणाला ऐकू येत नाही.

सुखीबाईचा पीठ मळता हात थांबला. मग ती म्हणाली, "भाकरीचे पैसे नको. मले अन् जमनीले आत न्या."

सकाळी सगळे गुडघ्यावर रांगत आत गेले. मायलेकींच्या घागऱ्यांवरचे आरसे गॅसबत्तीत चमकत होते आणि वटवाघळं वैतागून डोक्यावरून पळत होती. एक वळण संपलं की खोलीएवढी जागा लागली. तिथं बसून सुखीबाईनं पुरुषांना सांगितलं, आता बत्ती घेऊन तुम्ही वळणापलीकडे जा.

मास्तर गडबडले. गुफेत कोणाला मागं सोडायचं नाही, हा मंडळाचा नियम.

"मंग नियम बाहीर सोडून या," सुखीबाई म्हणाली.

शेवटी दोराचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं, दुसरं मास्तरांनी धरलं. काही झालं तर ओढायचं. उजेड वळणाआड गेला. जमनी आईच्या गळ्यात पडली. तोंडाला काही सुचायच्या आधी अंग आपसूक डुलायला लागलं, आणि दोर ओढला गेला. मास्तर डोकं आपटत, गुडघे सोलत धावून आले. पाहतात तर दोघी गळ्यात गळा घालून गप्प. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"मास्तर, आमच्यात असंच हालतेत," सुखीबाई वैतागून म्हणाली.

अय्यूबनं तांड्यांवरच्या कितीतरी लग्नांत बत्ती धरली होती. त्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. त्यानं तिच्या कमरेचा दोर सोडला.

"दोर राहू द्या, मास्तर. आवाज येते तोवर माणूस खुशाल हाय. आवाज थांबला तर आपण येऊ." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "मंजूर?"

आता सुखीबाईची पंचाईत झाली. गप्प बसावं तर चार पुरुष रांगत येणार.

पहिला आवाज विहिरीच्या कोरड्या चाकासारखा निघाला. गुफेनं तो जरा गोल करून परत दिला, जणू पलीकडून आणखी कोणी बाई म्हणते आहे. त्या बाईच्या सोबतीनं तिनं दुसरी ओळ काढली. ऐकलेले ढावलो संपले, तरी थांबायची सोय नव्हती. मग जे आलं ते गात गेली. जमनीला गोवर आला ते साल. बकरीची भांडणं. आणि प्रत्येक मांडवात आई चुलीमागं लपली, म्हणून तुला मांडवात कधी आईच मिळाली नाही, हेही. तिथं तिचा आवाज थांबला.

आता येतील, म्हणून ती डोळे पुसून बसली. कोणी आलं नाही. आवाज चालूच होता. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून जमनी गात होती.

अय्यूबनं नंतर सांगितलं, एक शब्द कळला नाही, पण माह्या बहिणीची याद येऊन राह्यली होती.

लग्नात बत्ती त्याचीच होती. पाठवणीच्या आदल्या संध्याकाळी सुखीबाई कोणी न ओढता चुलीमागून उठली, पिठाच्या हातांनीच. जमनी गळ्यात पडली. पांढऱ्याफक उजेडात सारा तांडा तोंडाकडे पाहू लागला, आणि गळा मिटला तो मिटलाच. तिनं पोरीच्या खांद्यावरून अय्यूबकडे पाहिलं.

अय्यूब वाकला आणि बत्तीचा स्क्रू फिरवला. सूं करून हवा गेली, जाळी लाल झाली, विझली. लोक कुरकुरले. उत्तमसिंग भाड्यावरून काहीबाही बोलला. अय्यूब म्हणाला, जाळी गेली, टाइम लागेल.

अंधारात दोघी डुलू लागल्या. आगपेटी अय्यूबच्या हातातच होती. आवाज येत होता तोवर त्यानं काडी ओढली नाही.